वॉरंटी कापडाची, सुटलं छत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

दिनांक: 14 मे 2025

विषय: आपल्या सांगली शाखेत बसवलेलं पिकअपच्या छताचं कापड सात आठवड्यांत सुटल्याबाबत, आणि न केलेल्या कामाची मजुरी घेतल्याबाबत.

महोदय,

स.न.वि.वि.

माझी गाडी 2008 सालची डबल केबिन पिकअप आहे. इंजिन अजून ठणठणीत आहे, त्यामुळे विकायचा विचार नाही. गेल्या पावसाळ्यापासून आतल्या छताचं कापड लोंबायला लागलं. आधी मागच्या काचेपाशी एक फुगा आला, मग तो पुढे सरकत आरशापर्यंत आला. इतक्या वर्षांनी हे व्हायचंच, त्याबद्दल कुणावर राग नाही. घरच्या टाचण्या टोचून मी दिवाळीपर्यंत ढकललं. नंतर रोज टोपीवर पिवळसर भुकटी पडायला लागली, तेव्हा नीट काम करून घ्यायचं ठरवलं. गावातल्या कुशनवाल्याकडे न जाता आपल्याकडे आलो, ते पक्कं बिल आणि वॉरंटी मिळते म्हणून.

18 फेब्रुवारीला सकाळी साडेदहाला मी गाडी शाखेत लावली. बेदाण्याचा हंगाम होता, मला सौद्याला जायचं होतं, म्हणून थांबलो नाही. चूक झालीच तर माझी एवढीच. सव्वाला फोन आला, 'काका, गाडी तयार आहे.' एवढ्या लवकर कशी झाली म्हणून विचारलं, तर 'आमच्याकडे मशिनरी आहे' म्हणाले. मी 8,260 रुपये भरले. कापड आणि फोम 3,200, मजुरी 3,800 आणि वर 18 टक्के जीएसटी. मजुरीच्या ओळीत बिलावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं देतो: 'हेडलायनर बोर्ड रिमूव्ह, ओल्ड फॅब्रिक अँड फोम स्क्रॅपिंग, क्लीनिंग, रिफिटिंग.' म्हणजे छताचा आतला बोर्ड काढणं, जुनं कापड आणि फोम खरवडणं, साफ करणं आणि परत बसवणं. ही ओळ कृपया लक्षात ठेवा. माझी सगळी तक्रार या एका ओळीची आहे.

9 एप्रिलला दुपारी मी मणेराजुरीहून तासगावला येत होतो. ऊन मी म्हणत होतं, काचा खाली होत्या. वारा आत शिरला आणि पुढचं सगळं कापड एकदम सुटून माझ्या कपाळावर आलं. आरसा झाकला गेला, समोरचा रस्ता दिसेना. गाडी कशीबशी कडेला घेतली. मागे ट्रक नव्हता हे नशीब. पुढचा सगळा रस्ता मागच्या सीटवरच्या आमच्या दाजींनी दोन्ही हात वर करून छत धरलं, गोवर्धन उचलल्यासारखं. तेव्हा आम्ही हसलो, पण हे हसण्यावारी न्यायचं प्रकरण नाही, एवढं आपणही मान्य कराल.

11 एप्रिलला गाडी शाखेत नेली. काउंटरवरचा मुलगा बोलायला चांगला होता. त्याने आतून एकाला बोलावलं, त्याने दहा मिनिटांत गोल टोपीच्या, पिळून बसवायच्या 11 पिना छतात टोचल्या आणि 'झालं' म्हणाला. मी वॉरंटीचं कार्ड दाखवलं. त्यावर 'एक वर्ष' असं ठळक छापलं आहे. त्यावर मिळालेलं उत्तर मी गेला महिनाभर ज्याला त्याला सांगतोय: 'काका, वॉरंटी कापडाची आहे, चिकटण्याची नाही.'

म्हणजे कापड फाटलं तर आपण जबाबदार. कापड शाबूत राहून डोक्यावर पडलं तर ते आपलं काम चोख. छताला लावलेल्या कापडाचं चिकटून राहण्याशिवाय दुसरं काम तरी काय असतं?

आपल्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून सांगितलं, 'उन्हामुळे होतं.' 16 एप्रिलला मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. तो मेसेज मी गाडीत बसून वाचला. तीन पिना तोवर गळल्या होत्या आणि कापड टोपीला घासत होतं.

मग 4 मेच्या रविवारी मी तासगावच्या एका जुन्या कुशनवाल्या मिस्त्रींना घरी बोलावलं. चाळीस वर्षं हेच काम करणारा माणूस. त्यांनी छताला हात लावायच्या आधी सनवायझरचे स्क्रू बघितले आणि मला जवळ बोलावलं. गेल्या वर्षी चैत्रात जोतिबाच्या यात्रेला आम्ही हीच गाडी नेली होती. तिथला गुलाल कुठे कुठे जातो हे जाणाऱ्याला माहीत आहे. तो सनवायझरच्या स्क्रूंच्या फुलीसारख्या खाचांत गच्च बसला होता, वर्षभराची धूळ बसून काळपट झालेला. यंदा छताच्या भानगडीमुळे यात्रेला गाडी नेलीच नाही, म्हणजे तो गुलाल नवा नाही. मिस्त्री म्हणाले, 'या स्क्रूला पेचकस लागला असता तर हा गुलाल राहिला असता का?' केबिन लाइट आणि वरच्या हँडलचे स्क्रूही तसेच, जागचे न हललेले.

आता जे आपल्या माणसांना माहीत असायला हवं, ते मला लिहावं लागतंय. छताचं कापड थेट पत्र्याला चिकटवलेलं नसतं. पत्र्याखाली छताच्या आकाराचा दाबून घडवलेला एक बोर्ड असतो, त्यावर फोमचा पातळ थर आणि फोमवर कापड. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा खाऊन तो फोम कुजतो. आधी चिकट होतो, मग बोटाने दाबला की भिजून वाळलेल्या बिस्किटासारखा चुरा होतो. कापड लोंबतं ते खळ सुटल्यामुळे नव्हे. खळ बोर्डाला धरूनच असते, मधला फोमच उरलेला नसतो. म्हणून त्या चुऱ्यावर कितीही भारी सोल्युशन मारा (आमच्याकडे पंक्चरवाल्यापासून सगळे त्याला सुलोचन म्हणतात), ते चुऱ्याला चिकटतं आणि चुऱ्यासकट खाली येतं. भिंतीचे पोपडे न खरवडता वर रंग मारावा, तसं.

खरं काम असं आहे: सनवायझर, हँडल, लाइट, खांबांवरची प्लास्टिकं आणि दाराचं बीडिंग काढायचं, बोर्ड न वाकवता दारातून बाहेर घ्यायचा, जुनं कापड सोलायचं आणि मऊ ब्रशने सगळा चुरा निघेपर्यंत बोर्ड घासायचा. मग उष्णता सोसणारं सुलोचन बोर्डाला आणि नव्या फोमच्या पाठीला, दोन्हीकडे लावायचं, ते बोटाला चिकचिकेल इतकं सुकू द्यायचं आणि कापड मधून कडेकडे हाताने बसवत न्यायचं. मिस्त्रींच्या हिशेबाने दोन माणसांचा पूर्ण दिवस, शिवाय बोर्ड रात्रभर तसाच ठेवायचा. आपल्या शाखेने ते पावणेतीन तासांत केलं, तेही बोर्ड न काढता.

राहिला उन्हाचा मुद्दा. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या केबिनमध्ये पारा सहज 60 अंशांच्या आसपास जातो, वरचा पत्रा त्याहून तापतो. सांगली जिल्ह्यात दर वर्षी उन्हाळा येतो. आपली शाखाही सांगलीतच आहे.

माझ्यासमोर मिस्त्रींनी बोर्ड बाहेर काढला आणि आपलं नवं कापड एका कोपऱ्यातून ओढलं. त्याखाली जुनं राखाडी कापड निघालं. तेच, कंपनीतून आलेलं, स्टेपलरच्या पिना मारून वर धरलेलं. म्हणजे सुटलेल्या कापडावर आपण नवं कापड चिकटवलंत, आणि ज्याला स्वतःचाच भार पेलत नव्हता त्याच्यावर दुसऱ्याचा भार टाकलात. मला एवढ्यावर कुणी म्हणालं असतं की हे जुनं कापड कुठूनही आलं असेल, तर मी काय बोललो असतो? पण मागच्या सीटच्या बरोबर वर त्या कापडावर निळ्या बॉलपेनने काढलेला एक ट्रॅक्टर आहे. तीन चाकांचा. माझ्या मुलाने दुसरीत असताना उताणं पडून काढला होता, आणि त्याबद्दल मार खाल्ला होता. बिलानुसार हा ट्रॅक्टर 18 फेब्रुवारीलाच 'रिमूव्ह' झालेला आहे.

कारागिराची चूक होते, घाई होते, ते मी समजू शकतो. माझ्या बेदाण्याच्या शेडवरही माल कधी कमी वाळतो. पण न केलेल्या कामाची मजुरी छापील बिलावर लावणं ही घाई नाही. या कामासाठी शाखेने कापडाचे नमुने दाखवायला अर्धा तास दिला, माझ्यापुढे तीन रंग ठेवले. तो अर्धा तास बोर्ड घासायला दिला असता तरी चाललं असतं.

माझी मागणी अशी. 8,260 रुपये पूर्ण परत करावेत. फक्त मजुरी नको, कारण आपलं कापड जुन्या कापडाला असं चिकटलंय की ते आता फाडूनच निघेल. 'फुकट पुन्हा करून देतो' असं कळवू नये, मी हे काम आता मिस्त्रींकडून करून घेणार आहे. आणि आपल्या वॉरंटीत चिकटण्याचा समावेश आहे की नाही, हे लेखी कळवावं. नसेल तर कार्डावर तसं छापावं, म्हणजे पुढचा माणूस बघून घेईल.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवस वाट पाहीन. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मला पुण्याला हेलपाटा पडणार नाही. आपल्याला मात्र सांगलीला यावं लागेल.

तोवर गाडी नागव्या पत्र्याने चालवतोय, दुपारी डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होतं. बोर्ड दोन्ही कापडांसकट बेदाण्याच्या शेडमध्ये उभा करून ठेवला आहे. आपला माणूस पाठवायचा असेल तर आधी फोन करून पाठवा, चहा देऊ. 30 मेपर्यंत मी तो तसाच ठेवीन.

आपला ग्राहक,
(नाव आणि मोबाइल नंबर बिलावरचेच)

सोबत: बिल आणि वॉरंटी कार्डाच्या प्रती, 16 एप्रिलच्या मेसेजचा फोटो, सनवायझरच्या स्क्रूंचे दोन फोटो, ट्रॅक्टरचा एक फोटो, आणि आपल्या 8 पिना. उरलेल्या तीन रस्त्यात कुठेतरी पडल्या.