आमचं इंजिन पेटू द्या

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी बडोद्याचा चित्रकार. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत, १८६२ साली, डभोई ते मियागाम ही देशातली पहिली नॅरोगेज लाइन झाली. अडीच फुटी रुळांवरचे डबे आधी बैल ओढत. इंजिनं नियमितपणे धावू लागली ती १८७३ पासून. एवढा वारसा असलेल्या मुलखात आज वाफेचं एक तरी इंजिन चालतं हवं, यासाठी हे पत्र.

चौथऱ्यावर उभी केलेली इंजिनं पाहून जीव तुटतो. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचं पोलाद उघडं, तेलाने चकाकणारं असायला हवं. त्यावर रुपेरी ऑइलपेंटचे थर चढवलेले असतात. तेल सोडायची भोकंसुद्धा रंगाने बुजलेली. एकतानगर-अहमदाबाद हेरिटेज गाडीला तर विजेचंच इंजिन आहे, वाफेच्या इंजिनाचं रूप दिलेलं. गाडी देखणी आहे, पण वाफेची नाही.

इंग्लंडमध्ये वन्यप्राण्यांची चित्रं काढणारे डेव्हिड शेफर्ड होते. तिथली रेल्वे वाफेची इंजिनं भंगारात काढत असताना, १९६७ साली, त्यांनी चित्रांच्या कमाईतून दोन इंजिनं विकत घेतली. त्यातलं ९२२०३ क्रमांकाचं, दहा चालक चाकांचं, १९५९ मध्ये बांधलेलं. इतकं नवं इंजिन मोडीत निघालं होतं! त्यांनी त्याचं नाव ‘ब्लॅक प्रिन्स’ ठेवलं आणि पुढे या इंजिनांसाठी क्रॅनमोरला ईस्ट सॉमरसेट रेल्वे उभी केली. एका चित्रकाराला हे जमलं, कारण इंजिन विकत घ्यायची वाट त्याला मोकळी होती.

इंजिन पेटवलं की नळी कुठे गळते ते कळतं. मग फिटर लागतो, फायरमन लागतो, आणि नव्या पोरांचे हात शिकतात. हरियाणातल्या रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडने ही विद्या जपली आहे. आमच्याकडे प्रतापनगरचा रेल्वे कारखाना आहे, लालबागेत गतिशक्ती विश्वविद्यालय आहे; शिकणाऱ्यांची वाण नाही.

म्हणून मागणी एवढीच: निवृत्त नॅरोगेज इंजिनं कलावंतांना आणि न्यासांना दीर्घ मुदतीने सांभाळायला द्या. बॉयलरची तपासणी, सुरक्षिततेच्या अटी, सगळं तुम्ही ठरवा, हवं तितकं कडक ठरवा. बंद पडलेल्या लाइनचा एखादा छोटा तुकडा त्यांच्यासाठी राखा आणि पहिलं इंजिन प्रतापनगरला द्या. खर्चातला माझा वाटा मी चित्रं विकून उचलीन. इथल्या आणखी चित्रकारांकडे मी स्वतः जाईन. आपल्या खात्याने फक्त भेटीची वेळ कळवावी.

आपला नम्र,
एक चित्रकार, बडोदे