वारसा नोंदीची नोटीस मराठीतही हवी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हिवाळी अधिवेशनासाठी कर्नाटक सरकार दरवर्षी काही दिवस बेळगावात, हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौध या विधिमंडळाच्या इमारतीत मुक्कामाला येते आणि त्या दिवसांत सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंनी घोषणा होतात. या सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राने लावलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मला लिहायचे आहे ते दाव्याचा निकाल काहीही लागला तरी विधिमंडळाला आजच सोडवता येईल अशा एका साध्या प्रश्नाबद्दल.

आमच्या थोरल्या काकांच्या पश्चात धाकट्या काकांना वारसा नोंदीची नोटीस आली, ती संपूर्ण कन्नडमध्ये. काकांचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. त्यांनी ती घडी करून भिंतीवरच्या कॅलेंडरमागे खोचून ठेवली. पुण्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा, जो इथल्याच शाळेत कन्नड शिकला, गणपतीला घरी आला तेव्हा त्याने ती वाचली आणि एक सर्व्हे नंबर चुकल्याचे त्याच्या ध्यानात आले. पण तोवर हरकतीची मुदत उलटून गेली होती. पुढे त्या एका आकड्यासाठी काकांनी तालुक्याच्या कचेरीत किती खेपा घातल्या, ते सांगत बसत नाही.

ही मागणी सवलतीची नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले होते. शिवाय गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क घटनेच्या ३५० व्या कलमाने दिला आहे. मग त्या गाऱ्हाण्याचे मूळ असलेला कागद मात्र आम्हाला न वाचता यावा, हे कसे? हाताने नकला काढायच्या काळात दुसऱ्या भाषेतील प्रत अवघड होती, हे मान्य. आता कर्नाटकच्या ‘भूमी’ योजनेतून जमिनीचे उतारे संगणकावर येऊन बरीच वर्षे झाली. रकान्यांची नावे ठरलेली असतात, बदलतात ती खातेदाराची नावे आणि आकडे. तेव्हा त्याच कागदावर मराठी मजकूर छापणे फारसे खर्चिक नसावे.

फलकांवर ६० टक्के कन्नड असावे यासाठी २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कन्नडला राज्यभाषेचा मान मिळावा याबद्दल माझा वाद नाही, आमची मुले ती भाषा शिकतातच. पण दुकानाच्या पाटीला जेवढा वेळ मिळाला, तेवढा शेतकऱ्याच्या नोटिशीलाही मिळावा.

जिल्ह्यातून विधानसभेवर १८ आमदार जातात. त्यांतील एकाने तरी येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारावा, की कोणत्या तालुक्यांत १५ टक्क्यांची अट पूर्ण होते आणि तिथे मराठी प्रत का दिली जात नाही. उत्तर कन्नडमध्ये आले तरी चालेल, आम्ही ते कोणाकडून तरी वाचून घेऊ.

आपला,
एक शेतकरी, बेळगाव जिल्हा