चार दिवस अडलेली नेमणूक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकारण सोडणे आणि न्यायासनावर बसणे यांत किती वर्षांचे अंतर असावे, या वादात अमेरिकेचा दाखला द्यायचा तर परराष्ट्रमंत्री असतानाच सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल यांच्यापेक्षा विल्यम पॅटरसन यांचा द्यावा. नुसते अंतर मोजून काय साधते आणि काय निसटते, हे तिथे दिसते.

पॅटरसन न्यू जर्सीचे महाधिवक्ता होते. १७८७ च्या घटना परिषदेत लहान राज्यांची ‘न्यू जर्सी योजना’ त्यांनीच मांडली. पुढे ते पहिल्या सिनेटचे सदस्य आणि मग गव्हर्नर झाले. संघीय न्यायालये उभी करणाऱ्या १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या मसुद्यातील पहिली नऊ कलमे त्यांच्या हस्ताक्षरात आहेत.

अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २७ फेब्रुवारी १७९३ रोजी सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव पाठवले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. आडवे आले ते घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाचे सहावे कलम. सदस्य ज्या मुदतीसाठी निवडून आला, त्या मुदतीत निर्माण झालेल्या पदावर ती संपेपर्यंत त्याला नेमता येत नाही. न्यायाधीशपदे १७८९ च्या त्याच कायद्याने निर्माण झालेली. पॅटरसन यांनी सिनेट १७९० मध्येच सोडली होती, पण मोजायची ती निवडीची मुदत, आणि ती ३ मार्च १७९३ पर्यंत होती. ४ मार्चला नाव पुन्हा गेले आणि त्याच दिवशी मंजूरही झाले.

नियम अक्षरशः पाळला गेला. पक्षनिष्ठेला तो कसा आवरणार? पॅटरसन सत्ताधारी फेडरलिस्ट पक्षाचे. १७९८ मध्ये विरोधी पक्षाचे, अमेरिकी काँग्रेसचे (संसदेचे) सदस्य मॅथ्यू लायन यांच्यावर राजद्रोह कायद्याखाली त्यांच्यासमोर खटला चालला. एक आरोप वृत्तपत्रात छापून आलेल्या, अध्यक्ष ॲडम्सवर टीका करणाऱ्या पत्राचा होता. कायदा घटनाबाह्य आहे की नाही हे पाहणे तुमचे काम नाही, असे पॅटरसन यांनी ज्यूरीला बजावले. लायन यांना चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. तुरुंगातूनच ते पुन्हा निवडून आले.

‘स्टुअर्ट विरुद्ध लेअर्ड’ (१८०३) हा खटला मला अधिक बोलका वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना सर्किट न्यायालयात (खालच्या फिरत्या न्यायालयात) बसवणे घटनेला धरून आहे का, हा त्यातला एक प्रश्न. ही पद्धत १७८९ च्याच कायद्यातली! सुरुवातीपासून चालत आलेली प्रथा आता हलवता येणार नाही, असा निकाल पॅटरसन यांनी लिहिला. खालच्या न्यायालयात हाच खटला ऐकला होता म्हणून मार्शल बाजूला राहिले. कायद्याचा मसुदा लिहिणारे पॅटरसन मात्र बाजूला झाले नाहीत.

आपला,
एक वाचक, पुणे