इंजेक्शन चुकून लागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला, बंदीचं औषध सापडून 80 मॅच बसवलेल्या प्रोफार ह्या अमेरिकेतल्या बेसबॉलपटूवरचा लेख वाचला. सध्या मी मुलीकडं सॅन डिएगोला आहे, त्यामुळं ई-पेपरवर वाचला, त्याबद्दल शेवटी बोलतो. लेखकमहाशयांनी दोनदा हसून घेतलंय, एकदा 'गर्भवतींचं हार्मोन घेणारा खेळाडू' म्हणून आणि एकदा सॅन डिएगोच्या टीममधल्या तातिसनं चाचणीत सापडल्यावर कारण सांगितलेल्या गजकर्णावर, आणि मग शेवटी नेहमीचंच, बघा अमेरिकेत कशी कडक शिस्त आणि आपल्याकडं सगळा आनंदीआनंद. हसायला हरकत नाही. फक्त मिरजेत 31 वर्षं औषधांचं दुकान चालवलेला माणूसही तुमचा पेपर वाचतो एवढं त्यांना कळवा.

आधी चूक सांगतो. तातिसच्या चाचणीत 'क्लोबेटासोल' सापडलं असं छापलंय. नाही हो, क्लोस्टेबोल. क्लोबेटासोल म्हणजे आपल्याकडं लोक चिठ्ठीशिवाय ट्यूब नेऊन गजकर्णावर चोळतात ते, चार दिवस खाज थांबते आणि मग दुप्पट पसरतं. त्यानं बॉल लांब जात नाही, गजकर्ण मात्र लांब जातं. क्लोस्टेबोल हे टेस्टोस्टेरॉनचं भावंड, स्नायू वाढवणाऱ्यांतलं, काही देशांत जखमेच्या मलमात नाहीतर स्प्रेमध्ये असतं. म्हणजे मलमातून ते अंगात जाऊ शकतं हे खरं, पण ते गजकर्णाचं औषध नव्हे हेही खरं. आता हे दोन शब्द ज्याला वेगळे करता येत नाहीत त्यानं त्या पोराला हसावं का, ते तुम्हीच ठरवा.

आता ते 'गर्भवतींचं हार्मोन'. प्रेग्नन्सीच्या कार्डवर दोन रेघा उमटतात त्या एचसीजीमुळं, इथपर्यंत बरोबर. पण पुरुषाच्या लघवीत ते सापडलं की तपासणारे कान का टवकारतात हे लेखात कुठंच नाही. मला ते आमच्या मागच्या गल्लीतल्या जिमच्या ट्रेनरनं शिकवलं. पंधराएक वर्षं झाली असतील. पंचविशीचा पोरगा, फार नम्र, दुकानात येताना चपला बाहेर काढून यायचा, औषधाच्या दुकानात कोण चपला काढतं? "काका, एचसीजी 5000चं आहे का, दोन द्या." चिठ्ठी आहे का म्हटलं तर होती, गायनॅकची, बायकोच्या नावावर. दिली. पुढच्या महिन्यात परत आला, त्याच्या पुढच्या महिन्यात परत, आणि दर वेळी चिठ्ठीवर बायकोचं नाव वेगळं. तिसऱ्यांदा मी विचारलं, अरे तुझी लग्नं झालीत तरी किती? तर हसला आणि म्हणाला, "काका, पोरांसाठी आहे, सायकल संपली की लागतंय."

सायकल म्हणजे आठ-दहा आठवडे स्टेरॉइड घ्यायचं तो कोर्स. बाहेरून माल येतोय म्हटल्यावर शरीर आपला कारखाना बंद करतं, अंडकोष आकसतात (छापायला अवघड वाटलं तर गाळा), मग एचसीजी टोचून तो परत चालू करायचा. 2009 ला बेसबॉलमधल्याच मॅनी रमिरेझची एवढी बोंब झाली, 50 मॅच गेल्या, ती ह्याच एचसीजीवरून. आणि ते पोटातून घेऊन उपयोग नसतो, प्रोटीन आहे, पचून जातं. टोचावंच लागतं. प्रोफार म्हणतो जाणूनबुजून कधीच घेणार नाही, आणि लगेच पुढं म्हणतो पूर्ण जबाबदारी माझी. कुणी भलतंच काही सांगून टोचलं असेल तर देव जाणे, तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की 31 वर्षांत चुकून एचसीजी मागायला आलेलं गिऱ्हाईक मी बघितलेलं नाही.

ते तिसऱ्या वेळचं दिलं का, विचाराल. दिलं. लिहायला बसलोच आहे तर तेही लिहितो. चौथ्यांदा नाही म्हटलं, मग तो दुसऱ्या दुकानातून न्यायला लागला. चपला तिथंही काढत असेल.

आता ती कडक शिस्त. अमेरिकन बेसबॉलमध्ये 2005 ला पहिल्यांदा सापडलेल्याला किती शिक्षा होती माहिताय का? 10 दिवस. माझ्या शेल्फवर खोकल्याच्या औषधाच्या दोन एक्स्पायर बाटल्या सापडल्या म्हणून मला सात दिवस शटर ओढून बसावं लागलं होतं, आणि त्या बाटल्यांनी मी एकही होमरन मारला नव्हता! पुढं 2006 ला 50 मॅच झाल्या, 2014 पासून 80, दुसऱ्यांदा 162 म्हणजे अख्खा सीझन, तिसऱ्यांदा कायमचं घरी. तेवढ्या मॅचचा पगार जातो, त्या वर्षीच्या प्लेऑफलाही बसायचं नाही. मान्य, हे काही कमी नाही. पण करार तसाच राहतो ना. प्रोफारचा करार 3 वर्षांचा, 4 कोटी 20 लाख डॉलर, त्यात 2025 चे 1 कोटी 20 लाख, ते निम्मे गेले, पुढच्या दोन वर्षांचे दीड-दीड कोटी त्या वेळी जागेवर राहिले. पेराल्टा नावाच्या खेळाडूला 2013 ला 50 मॅच बसवलं आणि त्याच हिवाळ्यात 5 कोटी 30 लाखांचा नवा करार मिळाला. तातिसचे 34 कोटी आहेत तसे आहेत. आमच्याकडच्या पोरांनी हा हिशोब करू नये असं वाटत असेल तर निदान लेखात 'कडक' शब्द वापरू नका.

आनंदीआनंदाचं म्हणाल तर तेवढं मात्र लेखकाचं खरं आहे. पृथ्वी शॉला 2019 ला आठ महिने दिले, कफ सिरपमधल्या टर्ब्युटालिनवरून, पण सुनावले आयपीएल खेळून झाल्यावर, आणि धरले मागच्या तारखेपासून.

हे सगळं एवढं का लागलं तर नातू. बारा वर्षांचा आहे. 2022 ला तातिसची मान डोलावणारी बाहुली स्टेडियमवर वाटणार होते, त्यानं कपाटात जागा करून ठेवली होती, ऑगस्टमध्ये 80 मॅचची बातमी आली आणि बाहुलीऐवजी त्याच टीमच्या सोतोचा टी-शर्ट वाटला. सोतोही नंतर गेला म्हणा. मग 2024 ला इथल्याच टीममधला प्रोफार लाडका झाला, 10 नंबरचा तपकिरी शर्ट वाढदिवसाला मीच घेऊन दिला. 2025 ला तो अटलांटाच्या टीमकडून खेळायला आला, सीझनच्या पहिल्याच चार मॅच इथं पेटको पार्कवर, तरी पोरगं तोच शर्ट घालून गेलं, आणि समोरच्या टीमच्या माणसासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. चारही मॅच सॅन डिएगोनं जिंकल्या, सोमवारी बातमी आली. रात्री त्यानं मला विचारलं, आजोबा, गेल्या वर्षीचे 24 होमरन खरे का? आता गेल्या वर्षभराच्या चाचण्यांत काही निघालं नव्हतं म्हणे, तसंच मी त्याला सांगितलं. "पण यू डोंट नो," म्हणाला आणि झोपायला गेला. शर्ट धुवायच्या ढिगात पडलाय, मुलगी दोनदा विचारून गेली की धुवायचा का ठेवून द्यायचा.

कळावे,
एक जुना वाचक, मिरज (सध्या मुक्काम सॅन डिएगो)

ता. क. : ई-पेपरवर शब्दकोड्याच्या खालच्या दोन ओळी फोनवर दिसतच नाहीत, हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा कळवतोय. वर्गणी मात्र वेळेवर कापली जाते.