टोपीवाला जगला

सातारा,
२४ जुलै

प्रिय सुध्या,

‘मासा जगला का?’ एवढं एका ओळीत विचारतोस आणि पुढच्याच ओळीत दिवाळीला राधीसाठी टँक घ्यायचा बेत सांगतोस. जगला. शेपटीची एक झालर झडली ती झडलीच, पण काल त्याने टँकमधल्या दुसऱ्या माशाच्या, ब्लॅक मूरच्या, तोंडचा दाणा पळवला, तेव्हा आता काळजी नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू दुसऱ्या वाक्याला ‘बरं ते सोड’ म्हणतोस. पत्रात तुला तोडता येत नाही. आणि टँक घेणार असशील तर हे नीट वाच.

ताईने अण्णांच्या पंचाहत्तरीला दोन फुटी टँक दिला, हे तुला माहीत आहे. झाकणात लाइट, तळाला निळी-हिरवी खडी, आणि एक खजिन्याची पेटी, जिचं झाकण उघडून बुडबुडे सुटतात. दुकानातल्या पोराने सकाळी येऊन टँक मांडला, नळाचं पाणी भरलं, आणि संध्याकाळी पिशवीतून तीन गोल्डफिश आणून सोडले. एक साधा नारिंगी, एक बटबटीत डोळ्यांचा ब्लॅक मूर, आणि एक ओरांडा. पांढराशुभ्र, डोक्यावर लाल गोंडा. आईने लगेच त्याचं नाव टोपीवाला ठेवलं. आमच्या घरात माशाची ओळख कालवणापुरती, त्यामुळे तिचा पुढचा प्रश्न होता, ‘ह्याला काटे फार असतील, नाही?’

आठवडा व्हायच्या आत नारिंगी गेला. मग टोपीवाला कोपऱ्यात जाऊन बसायला लागला. बसायला म्हणजे अक्षरशः, पोट खडीला टेकवून. पाठीवरचा पर, जो एरवी शिडासारखा ताठ असतो, तो अंगाला चिकटलेला. शेपटीत लाल रेघा उमटलेल्या, केसाएवढ्या बारीक, टॉर्च मारल्यावर दिसणाऱ्या. मध्येच वर यायचा, पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून हवा गिळल्यासारखं करायचा आणि पुन्हा खाली. कल्ले इतके भराभर हलत होते की अण्णा म्हणाले, ह्याला दम लागलाय.

दुकानदाराला फोन केला. त्याने न बघता रोग ओळखला! निळ्या बाटलीतले दहा थेंब, पिवळ्या बाटलीतले दहा, हीटर लावा, सगळं पाणी काढून नवीन भरा आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवा. हीटर त्याने पहिल्याच दिवशी गळ्यात मारलेला होता. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, साताऱ्याच्या पावसाळ्यात त्याला हीटर लावायचा म्हणजे कमालच. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि इथे मासा आधीच दमलेला.

अण्णा सगळं ऐकून म्हणाले, ‘औषधाचं नंतर. आधी पाणी बघू.’

तू अण्णांना ओळखतोस. सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. कुठे कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ आली की डॉक्टर गोळ्या वाटत असायचे आणि अण्णा सायकल काढून लाइनच्या शेवटच्या टोकाचा नळ गाठायचे. नळीत पाणी घ्यायचं, ओ.टी.चे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिनचे, थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन पोचतोय, नाही झालं तर मध्ये कुठेतरी गळती आहे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळाला मिळायला हवा, हा हिशेब त्यांना अजून झोपेत विचारला तरी येतो. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचा वास त्यांच्या शर्टाला असायचा, आठवतंय ना?

तीच ओ.टी.ची पेटी त्यांनी माळ्यावरून काढली. थेंब मात्र जुने झालेले, म्हणून नवी बाटली आणली. टँकमध्ये क्लोरीन शून्य, पण नळाचं पाणी चांगलं पिवळं. म्हणजे माणसाला उत्तम. आणि माशाला तेच पिवळं घातक, कारण क्लोरीन थेट कल्ल्यांवर जातो. अण्णा थोडा वेळ ती नळी उजेडाकडे धरून बघत राहिले आणि म्हणाले, ‘आयुष्यभर जे पाण्यात घातलं ते आता काढायचं म्हणा की.’

पण खरा घोळ क्लोरीनचा नव्हता. मी अमोनियाचं टेस्ट किट मागवलं होतं. ह्यात उलटं, पिवळं म्हणजे अमोनिया नाही, आणि जितकं हिरवं तितकं वाईट. आमचं हिरवंगार. तक्त्याशी रंग लावून पाहिला तर २ पीपीएम, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅम. असायला हवा शून्य. नववीत आपण नत्रचक्राची आकृती काढली होती बघ, बाणच बाण, मला दहापैकी तीन मिळाले होते. तेच चक्र इथे फिरायला लागतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट मासा बराच सोसतो, पहिली दोन विषंच. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, स्पंजवर, खडीवर, काचेवर धरतात, आणि नव्या टँकमध्ये ते नसतातच. पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा स्वतःच्याच घाणीत पोहत असतो, पाणी दिसायला काचेसारखं स्वच्छ असलं तरी. आणि दुकानदार सांगतो ते ऐकून स्पंज नळाखाली धुतला, तर जे चार जिवाणू धरले असतील तेही क्लोरीनने मरणार.

म्हणजे टोपीवाल्याला रोग असा नव्हताच. लाइन फुटली होती.

पाणी सगळं एकदम बदलायचं नाही, कारण तापमान आणि सामू (पीएच) झटक्यात बदलला तर दमलेला मासा त्यानेच जातो. अण्णांनी कागद घेतला. टँक दोन घनफूट, एका घनफुटाला २८.३ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पंचेचाळीसेक लिटर. तिसरा भाग बदलला तर विषाचाही तिसराच भाग जाणार. म्हणून पहिल्या दिवशी अर्धं सकाळी, अर्धं संध्याकाळी. दोनाचा एक, एकाचा अर्धा. मग रोज तिसरा भाग. क्लोरीन मारायला दुकानात ‘अँटिक्लोरीन’ मिळतं, तो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. तुझ्या वडिलांच्या स्टुडिओत डार्करूममध्ये मोठ्या बरणीत असायचा तो हायपो, तोच हा! एवढे दिवस फोटो पक्के करायचा, आता मासे वाचवतो. अण्णा बादलीत हायपो घालून पुन्हा ओ.टी. टाकून बघायचे. पाणी रंगहीन राहिलं की मगच बादली उचलायची परवानगी.

टोपीवाल्याला काही दिवस वेगळं काढायचं ठरलं, कारण ब्लॅक मूर त्याला सारखा ढुशा देत होता. आईने मोठ्या मनाने तिचं तांब्याचं घंगाळ पुढे केलं. तेवढं मात्र मी अडवलं. तांबं माशाला विष आहे, थोडंसं पाण्यात उतरलं तरी कल्ले खराब करतं. शेवटी पापड वाळवायच्या वेळचा प्लॅस्टिकचा टब. त्यात एअर पंपाची नळी, वर जुनी ओढणी, कारण गोल्डफिश उडी मारतो, आणि लिटरला एक ग्रॅम खडेमीठ, मगमध्ये विरघळवून थोडं थोडं. इतक्या मिठाने जीभही खारट होत नाही, पण माशाला शरीरातलं क्षारांचं गणित सांभाळायला मदत होते.

खाणं बंद. हे सगळ्यांत अवघड गेलं, कारण आपल्याकडे आजारी माणसाला आधी पेज भरवतात. तुझी वहिनी म्हणाली, उपाशी ठेवून कोण बरं होतं? पण मासा थंड रक्ताचा, चार-सहा दिवस उपाशी त्याला काही होत नाही, आणि न खाल्लेला प्रत्येक दाणा म्हणजे पुन्हा अमोनिया. आमची कार्टी मात्र बिस्किटाचा चुरा टाकताना पकडली गेली. तिला टँकच्या राखणीचा हुद्दा दिला, तेव्हा ती स्वतःच आजीवर लक्ष ठेवायला लागली.

मग एका रात्री वादळात वीज गेली. एअर पंप बंद. टबात आठ इंच पाणी, मासा पुन्हा वर येऊन तोंड उघडायला लागला. इन्व्हर्टरची बॅटरी आमच्याकडे कायम उतरलेलीच. अण्णांनी स्टूल ओढलं, तांब्या घेतला (स्टीलचा, आता ते सगळ्या भांड्यांकडे संशयाने बघतात) आणि टबातलंच पाणी काढून हातभर उंचावरून परत ओतत बसले. पडणाऱ्या पाण्याने पृष्ठभाग फुटतो आणि हवा मिसळते, साधी गोष्ट आहे. मी म्हटलं, मी बसतो, तुम्ही झोपा. तर म्हणाले, ‘तुझी धार एकसारखी पडत नाही.’ वीज पहाटे आली.

चार दिवसांत टबात पर उभा राहिला, टँकचा अमोनिया उतरला, आम्ही त्याला परत सोडला. आणि तो पुन्हा बसला. तुला हे मुद्दाम सांगतोय, कारण लोक इथेच घाबरून औषधांच्या बाटल्या ओततात. अमोनिया खाणारे जिवाणू आधी वाढतात, नायट्राइट खाणारे मागाहून. त्यामुळे अमोनिया उतरतो तेव्हा नायट्राइट चढलेला असतो. नायट्राइट रक्तात गेला की रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. ह्यावर उतारा पुन्हा मीठच! नायट्राइट कल्ल्यांतून शिरतो त्याच वाटेने मिठातला क्लोराइड शिरतो, आणि क्लोराइड भरपूर असला की नायट्राइटला वाट कमी मिळते. म्हणून टँकमध्येही मीठ घातलं, रोजचं पाणी बदलणं चालू ठेवलं, आणि जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घातलं. मीठ उडून जात नाही, हे दुकानदारांनाही सांगावं लागतं.

निळी बाटली, म्हणजे मिथिलीन ब्लू, एकदाच वापरली. शेपटीच्या फाटक्या कडेला कापसासारखा बुरशीचा पुंजका धरला तेव्हा, आणि तीही टबात. टँकमध्ये ओतली असती तर आपले कामकरी जिवाणूही मेले असते आणि काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं झालं असतं. बाथरूमची फरशी झालीच आहे.

आता अमोनियाची चाचणी पिवळी आणि नायट्राइटची निळी येते, म्हणजे दोन्ही शून्य. अण्णांनी नोंदवही घातली आहे, तारीख, अमोनिया, नायट्राइट, शेरा. शेऱ्यात बहुतेक ‘समाधानकारक’. टोपीवाल्याला आता सोललेला उकडलेला मटार बारीक करून देतो, तो त्याला मानवतो.

राधीसाठी टँक घे, पण दिवाळीच्या आदल्या दिवशी टँक आणि त्याच दिवशी मासे, असं करू नकोस. गणपती झाले की टँक मांड आणि रिकामा चालू ठेव. आणि सप्टेंबरात कासची फुलं बघायला तुम्ही येणारच आहात, तेव्हा जाताना आमच्या स्पंजचा तुकडा घेऊन जा. दह्याला विरजण लागतं तसंच हे, तुझ्या फिल्टरमध्ये ठेवलास की जिवाणू लवकर धरतील, आणि त्यांना रोज चिमूटभर माशाचं खाणं टाकत राहा म्हणजे उपाशी मरणार नाहीत. तोवर आमच्याकडे काही रोगराई दिसली नाही तरच देऊ, ही अण्णांची अट. तुकडा टँकच्याच पाण्यात, रुंद तोंडाच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता न्यायचा. खंबाटकीत चहाला थांबलास तर गाडी उन्हात लावू नकोस. दोन फुटांपेक्षा लहान टँक घ्यायचा नाही, आणि गोल काचेचं भांडं तर आणूच नकोस, अण्णा तुझ्याशी बोलणार नाहीत.

वहिनींना नमस्कार, राधीला पापा. येताना अण्णांसाठी नायट्राइटचं किट आण, इथे मिळत नाही आणि त्यांचं संपत आलंय.

तुझा,
बाळ्या