राण्या टाकल्या तेव्हा टेबल वाजवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं उघड पत्र. गोव्यात मांडवीवरची कॅसिनोची बोट, पोकरचं टेबल, सांगलीकडचा हेल आणि समोर लिंबू-सोडा, एवढ्या खुणांवरून तुम्ही स्वतःला ओळखाल.

माझ्या हातात राण्यांची जोडी होती. मी रेझ केलं, म्हणजे बोली वाढवली, पलीकडच्या गृहस्थांनी त्यावर वाढवलं, मी पुन्हा वाढवलं, आणि त्यांनी शांतपणे सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. संध्याकाळभर पानं टाकून देण्यापलीकडे काही न केलेला माणूस! मी राण्या उताण्या टाकून डाव सोडला. टेबल हसलं. एकानं मला रमी खेळायचा सल्ला दिला. तुम्ही मात्र दोन बोटांनी टेबलावर दोनदा टकटक केलीत, म्हणजे पोकरच्या भाषेत ‘छान खेळलास’. बोलला काहीच नाहीत.

हे आभार मुख्यतः त्या टकटकीचे.

हातात राण्या असताना समोरच्यानं सगळं लावलं तर काय करायचं, हे मी पूर्वी पोकर शिकवायची फी घेतलेल्या एका सरांना विचारलं होतं. ‘राण्या म्हणजे ऑल-इन, सगळ्या चिप्स पुढे, विषय संपला,’ म्हणाले, आणि पुढच्या कोर्सची लिंक पाठवली. समोर कोण बसलंय, हे त्यांना विचारावंसंही वाटलं नाही. तुमचा पहिला प्रश्न तोच होता. तोही ब्रेकमध्ये, डेकवर, कुणी ऐकत नसताना.

मग टिश्यूवर आकडे मांडलेत. समोर एक्क्यांची जोडी ६ प्रकारे येऊ शकते, राजांची ६, एक्का-राजा १६. सगळे धरले तर राण्या साधारण ४० टक्के जिंकतात, आणि मध्ये आधीच बरंच पडलेलं, म्हणजे कॉलचा, तेवढंच लावून बघण्याचा, मोह रास्तच. पण असा टाईट, मोजकीच पानं खेळणारा माणूस एक्का-राजावर सगळं लावेल? तुम्ही ते १६ खोडलेत आणि ४० चे जेमतेम १८ उरले. वाटेल त्या पानांवर रेझ करणारा समोर असता, तर याच राण्या बिनधास्त लावायच्या, हेही बजावलंत. १९९५ ची पोकरची वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या डॅन हॅरिंग्टनला लोक गमतीनं, उलट अर्थानं ‘अ‍ॅक्शन डॅन’, म्हणजे धडाधड लावणारा डॅन म्हणत, कारण गडी असाच मोजून-मापून खेळायचा. असल्यांनी चिप्स सरकवल्या की कान टवकारायचे.

त्या गृहस्थांनी पानं दाखवलीच नाहीत. असेलही एक्का-राजा. ‘तुझंच बरोबर होतं’ असं तुम्हीही ठोकून दिलं नाहीत, आणि ते मला फार आवडलं.

खरं तर पैशाच्या टेबलावर समोरच्याचं अज्ञान हीच आपली कमाई. तिथे अनोळखी पोराला शहाणं करणं म्हणजे स्वतःच्या खिशाला कात्री. एसटीत सरकून जागा देणारी, रांगेत म्हाताऱ्याला पुढे सोडणारी माणसं आपल्याला ठाऊक असतात. कॅसिनोत तसं कुणी भेटेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

पुन्हा गाठ पडली तर लिंबू-सोडा माझ्याकडून. आणि हो, तुम्हीही फार थोडी पानं खेळता, हे पाहून ठेवलंय. तुम्ही ऑल-इन केलंत, तर राण्या पुन्हा टाकणार.

तुमचा,
राण्या टाकणारा पोरगा