चार्जर न विकणाऱ्या काकांचे आभार

नवी पेठेतले लॅपटॉपवाले काका,

सप्रेम नमस्कार. समोर येऊनच आभार मानणार होते, पण तुमच्या काउंटरवर कधी निवांतपणा दिसेल तर शपथ! म्हणून लिहितेय, आणि चारचौघांनी वाचावं असं उघडच लिहितेय.

टॉवेल-चादरींची जकार्ड डिझाइनं करणं हा माझा धंदा. चार्जर गेला तेव्हा कारखानदार डिझाइनसाठी फोनवर फोन करत होता. एका दुकानातून 'सगळ्याला चालतो' म्हणून मिळालेला चार्जर लावला, तर लॅपटॉप सुरू व्हायचा, पण बॅटरी काही चढेना आणि मोठी फाइल उघडली की मशीन पार गळपटायचं.

तुम्ही मीटर लावलात. आकडा आला 19.5 व्होल्ट, अगदी हवा तसा. आता मदरबोर्ड गेला म्हणणार, या धास्तीनं मी गप्प. तुम्ही मात्र पिन उजेडात धरून तिच्या मधोमध असलेली बारीक सुई दाखवलीत. "ही सुई चार्जर किती वॅटचा ते लॅपटॉपला सांगते. ह्याच्यात सुई आहे, पण सांगणारी चिपच नाही. ओळख पटली नाही की लॅपटॉप बॅटरी भरत नाही, वर स्वतःचा वेगही उतरवतो." डेल, एचपीच्या बऱ्याच चार्जरना अशी सुई असते म्हणे. इतकी वर्षं रोज ती पिन खुपसतेय, कधी आत डोकावले नव्हते.

मग जुन्या चार्जरचं लेबल मला मोठ्यानं वाचायला लावलंत. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कारण लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी मात्र नकोत. 19.5 गुणिले 3.34 म्हणजे 65 वॅट. लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'पासून सुरू होणारा आठ आकडी नंबर हवा, आणि तो खरा आहे का ते बीआयएस केअर ॲपवर बघायचं. हे शेवटचं तर दुकानदारानं गिऱ्हाइकाला सांगावं, याचंच मला नवल वाटलं.

तुमच्याकडे त्या वेळी 45 वॅटचा होता. पिनही बसत होती. मी द्या म्हणत असताना "दिवसभर डिझाइनचं काम, त्यात आपला मे महिना, तापून जाईल, देणार नाही" म्हणून तुम्ही मला सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला धाडलंत. जाताना 90 वॅटचा मिळाला तर तोच घे, कमी तापेल, हेही सांगितलंत. तोच मिळाला. बेचाळीस अंशांतही लॅपटॉप नीट चालला, डिझाइनं वेळेत गेली.

आता माझा भाचा येईल. त्याचा गेमिंग लॅपटॉप 180 वॅटचा, आणि तो मोबाइलच्या 65 वॅटच्या टाइप-सी चार्जरवर भागेल म्हणतोय. माझं ऐकत नाही. त्यालाही लेबल मोठ्यानं वाचायला लावा. त्याच्याबरोबर एक चादर पाठवतेय, डिझाइन माझंच आहे. पैशाचं विचारू नका.

तुमची,
साखर पेठेतली डिझाइनवाली